महागाई, काटकसर आणि रमाईच्या गोवऱ्या

महागाई वाढली की तिच्या पाठोपाठ काटकसरीचे उपदेशही वाढतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, आकाशवाणीवरून आणि आता प्रत्येकाच्या हातातील मोबाईलवरून गॅस कसा वाचवावा, पेट्रोल कसे पुरवावे, विजेचे बिल कसे उतरवावे याच्या सूचना सुरू होतात. त्यांतील बहुतेक सूचना चुकीच्या नसतात. पातेल्यावर झाकण ठेवावे, हे कोण नाकारील? परंतु हे उपदेश करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे घर असते, ते आपल्या समाजातील घर सहसा नसते. ज्या घरात चार दिवे अधिक जळतात, तेथे दोन मालवता येतात. जेथे एकच दिवा आहे तेथे काय मालवायचे? ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडणार आहे त्यांतील पुष्कळांच्या आईवडिलांनी आयुष्यभर काटकसरच केली; तिला त्यांनी कधी ते नाव दिले नाही, इतकेच. म्हणून या विषयावर लिहिताना मला पहिला प्रश्न वेगळा पडतो. घरात काटकसर होते तेव्हा ती कोणाच्या वाट्यातून होते? सरपण, गॅस, पेट्रोल यांचा विचार त्यानंतर.

प्रथम भावांकडे पाहू. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर मार्च २०२३ मध्ये मुंबईत ११०२ रुपये ५० पैशांना झाला. ऑगस्टअखेर तो दोनशे रुपयांनी उतरला, मार्च २०२४ मध्ये आणखी शंभरांनी उतरला आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पन्नासांनी चढला. आपल्याकडे वाहतुकीमुळे त्यात थोडी भर पडते. या चढउतारांत घाटनांदूरच्या गृहिणीचा काही दोष नाही आणि तिचा काही अधिकारही नाही. भारत आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक आणि स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून आणतो. गॅसचा मोठा भाग आखाती देशांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. तिकडे युद्धाची नुसती आवई उठली, तरी इकडे बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या खेड्यात डाळ शिजवणे महाग होते.

हे आजचेच नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांतच पिंपामागे सुमारे तीन डॉलरचा भाव बाराच्या घरात गेला. आपला मराठवाडा तेव्हा १९७२ च्या दुष्काळातून पुरता उठलाही नव्हता. खडी फोडून, सुकडी आणि मिलोची भाकरी खाऊन दिवस काढलेल्या माणसांपुढे रॉकेलचा तुटवडा येऊन उभा राहिला. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने हजारो बायकांना हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. त्या बायका काटकसरीत कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण घरातली काटकसर आणि रस्त्यावरची मागणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे त्यांना उमगले होते. आज आपल्याकडे पहिलीचाच उपदेश होतो आणि दुसरीची आठवणही काढली जात नाही, हे मला खटकते.

आता आपल्या चुलीकडे. गॅस येण्यापूर्वी आपल्या भागात सरपण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, बाभळीच्या काट्या आणि शेणाच्या गोवऱ्या. यातील जवळजवळ काहीच विकत येत नसे, म्हणून ते फुकट होते असा समज आहे. ते फुकट नव्हते. धसकटे वेचताना रक्ताळलेले हात, मैलभरावरून डोक्यावर आणलेला भारा, पावसाळ्यात ओल्या काटक्या फुंकून लाल झालेले डोळे ही त्याची किंमत होती आणि ती बाई भरत होती. घरच्या हिशेबात ती किंमत कधी लिहिली गेली नाही. ज्यांच्याकडे शेत नव्हते त्यांची गत याहून बिकट होती. दुसऱ्याच्या बांधावरची काटकी उचलली म्हणून शिव्या आणि प्रसंगी मारही खाल्लेल्या बायका आपल्या वस्त्यांत अजून हयात आहेत. सरपणालाही जात होती, हे विसरून चालणार नाही.

त्याच बायकांनी इंधन वाचवण्याची जी युक्ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिचे कौतुक मात्र केले पाहिजे. मुख्य चुलीच्या शेजारी वैल असते. पुढे भाकरी भाजली जात असताना मागे निघून जाणाऱ्या आचेवर वैलावर कालवण रटरटते, ते उतरले की आंघोळीचे पाणी बसते, आणि शेवटी निखाऱ्यांवर राख लोटून दुधाचे भांडे ठेवले जाते. एका जाळाची तीन कामे होत. आजचे अभियंते वाया जाणाऱ्या उष्णतेचा फेरवापर म्हणून जे शिकवतात, ते आपल्या आज्या मातीत लिंपून गेल्या. गॅसच्या शेगडीने धूर घालवला हे तिचे उपकार मोठेच. पण वैल गेली, हेही खरे.

गोवऱ्यांचे नाव निघाले की आपल्या समाजात कोणाला माता रमाईंची आठवण होणार नाही? बाबासाहेब परदेशी शिकत असताना रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, त्या विकून घर चालवले, लोकांनी नावे ठेवू नयेत म्हणून अवेळी त्या कामाला गेल्या, ही हकिगत आपल्या घराघरांत सांगितली जाते. गाण्यांतून, जलशांतून, जयंतीच्या व्याख्यानांतून आपण ती ऐकत आलो आहोत. धारवाडच्या वसतिगृहातील मुले उपाशी आहेत असे कळताच रमाईंनी हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही दुसरी हकिगतही तशीच सांगितली जाते. निवासी शाळेत काम करणाऱ्या माणसाच्या मनात तर ती घर करून असते. याच्याच जोडीला महाराष्ट्रातील आणखी एक नाव घेतले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले, तेव्हा मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. आपल्याकडच्या वसतिगृहांचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यातील पहिले देणगीदार म्हणून बायकांच्या अंगावरचे सोने लिहावे लागेल.

पण रमाईंच्या बाबतीत इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती भक्तिभावाने बोलतो. रमाईंच्या गोवऱ्यांचे आपण गाणे केले, हिशेब केला नाही. त्यांची चार अपत्ये लहानपणीच गेली. २७ मे १९३५ रोजी, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, दीर्घ आजाराने त्या स्वतः गेल्या. बाबासाहेबांना या किमतीची पूर्ण जाणीव होती. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रमाईंना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी पत्नीच्या मनाच्या मोठेपणाबरोबर, मित्रहीन आणि विवंचनेच्या दिवसांत तिने आपल्यासोबत सोसलेल्या कष्टांचा उल्लेख केला आहे. ज्याने सोसायला लावणारी परिस्थिती पाहिली, तो माणूस त्या सोसण्याचा उत्सव करत बसला नाही. आपण मात्र रमाईचा आदर्श म्हणून आपल्या लेकीसुनांना पुन्हा तेच सोसायला सांगू लागलो, तर तो रमाईंचा सन्मान होईल का? रमाईने उपास काढले म्हणून सुनेनेही शेवटी उरलेले खावे, हे सांगणारी सासू मी पाहिली आहे. तिच्या घरात फोटोला हार रोज ताजा असतो.

बाबासाहेबांचे अर्थशास्त्र या प्रश्नाकडे कसे पाहते, तेही थोडे पाहावे. १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथाचा विषय चलनाचा आहे, म्हणून आपले लोक तो नमस्कार करून कपाटात ठेवतात. त्यातील एक मुद्दा मात्र कोणत्याही मजुराला समजण्यासारखा आहे. भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही. मधल्या फरकाने व्यापारी आणि निर्यातदार नफा कमावतात, तो नफा मजुराच्या ताटातून गेलेला असतो. म्हणून भाव स्थिर राहणे ही गरिबाची गरज आहे. पुढे जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या खात्याकडे वीजही होती. कोळसा खाणींतील मजुरांचे प्रश्न पाहण्यासाठी ते स्वतः धनबादच्या खाणीत उतरले आणि १९४४ मध्ये त्या मजुरांसाठी कल्याण निधी उभा राहिला. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीपुढे बोलताना त्यांचा आग्रह होता की वीज मुबलक हवी आणि शक्य तितक्या कमी दरात हवी, कारण दारिद्र्यातून सुटण्याचा मार्ग औद्योगिकीकरणातून जातो आणि औद्योगिकीकरण विजेवाचून होत नाही. सरपण, कोळसा, वीज हे त्यांच्या दृष्टीने गृहिणीच्या हातच्या काटकसरीचे विषय नव्हते, ते राज्याच्या कर्तव्याचे विषय होते. (आपल्या शेजारच्या परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडले, तेव्हा नुसता कोळसा असून भागत नाही हेही आपण पाहिले.)

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्या वस्त्यांत लाल सिलिंडर आले. ही गोष्ट लहान नाही. आईच्या डोळ्यांतील धूर ज्याने पाहिला आहे तो तिला लहान म्हणणार नाही. पुढे उज्ज्वलाच्या ग्राहकांना केंद्राचे अनुदान मिळाले आणि २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरवले. तरीही आपल्या जिल्ह्यात एक दृश्य दरवर्षी दिसते, त्याबद्दल कोणत्याही काटकसरीच्या लेखात मी वाचलेले नाही. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. घराला कुलूप लागते आणि त्या कुलपाच्या आत सिलिंडर राहतो. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर पाचटाची कोपी उभी राहते, तीन दगड मांडले जातात, आणि वर्षातले पाच-सहा महिने तीच बाई पुन्हा काटक्या वेचते. पहाटे तीनला उठून ती भाकऱ्या थापते, मग दिवसभर मोळ्या बांधते. कागदावर ती गॅसधारक आहे.

महागाईचा खरा घाव येथे बसतो. भाव वाढले की उचल पुरत नाही. उचल पुरली नाही की कोयत्याला आणखी हात लागतात; निदान कोपीवर भाकरी करायला आणि धाकट्याला सांभाळायला कोणी तरी लागते. मग आठवीतल्या मुलीचे नाव घेतले जाते. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेलेली मुलगी परत येत नाही. पालकाला विचारले तर तो खोटे बोलत नाही; तो म्हणतो, “गुरुजी, यंदा भागत नाही.” त्याच्या दृष्टीने ही काटकसरच असते. घरातील एक खर्च त्याने कमी केलेला असतो. काम बुडू नये म्हणून आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड बायकांनी गर्भाशये काढून घेतली, त्याची २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली आणि शासनाला समिती नेमावी लागली. पोटाची, अंगाची आणि मुलीच्या शाळेची काटकसर करून जे वाचते, त्याला बचत म्हणण्याची माझी तयारी नाही. ते कर्ज आहे. फेडणारा वेगळा असतो, एवढेच.

मग वाचवायचे कशात? पुष्कळ गोष्टींत, आणि त्या सांगायला मला संकोच नाही.

निवासी शाळेचे भोजनगृह हीच मुळात इंधनबचतीची सर्वांत मोठी शाळा आहे. पन्नास घरांत पन्नास चुलींवर शिजणारी डाळ एका मोठ्या पातेल्यात शिजते, तेव्हा माणशी लागणारा गॅस कितीतरी कमी होतो, कारण प्रत्येक भांडे तापवण्यात आणि प्रत्येक भांड्याच्या अंगातून जी उष्णता वाया जाते ती एकदाच जाते. आमच्या भोजनगृहातील ताई डाळ धुऊन आधीच भिजत घालतात, मटकी-हरभरा रात्रीच भिजतो. पाणी मोजून घालतात, पहिली उकळी येताच आच मंद करतात आणि तळ रुंद असलेलीच भांडी घेतात. बर्नरची ज्योत पिवळी दिसली की छिद्रे साफ केली जातात. यातली एकही गोष्ट त्यांना कोणी प्रशिक्षणात शिकवलेली नाही. घरी एकट्यादुकट्या बाईला हेच करता येते. पण शेजारच्या दोन घरांनी मिळून एक कुकर लावायचा म्हटले तर आपली मने आड येतात. पंगतीत एकत्र जेवणारे आपण चुलीवर वेगळे होतो, याचा विचार विहारातील महिला मंडळांनी करावा असे मला वाटते. प्रसूतीच्या, आजारपणाच्या दिवसांत हे घडतेच. महागाईच्या दिवसांत का घडू नये?

विजेचा हिशेब सरळ आहे. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट खातो. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटही खात नाही. दिवा बदलायचा, मुलाचा अभ्यास बंद करायचा नाही.

मोटारसायकलबद्दल मात्र तरुणांची नाराजी पत्करून लिहितो. रोज वीस किलोमीटर जाऊन तितकेच परत येणारा माणूस महिन्याच्या पंचवीस दिवसांत हजार किलोमीटर तोडतो. लिटरला पन्नासचा धावता हिशेब धरला, तरी वीस लिटर पेट्रोल झाले, म्हणजे आजच्या भावाने दोन हजारांच्या पुढे. चाकात हवा बरोबर ठेवली, चाळीस-पन्नासच्या वेगाने चालवली, फाटकापाशी इंजिन बंद केले, तर त्यात थोडी बचत होते. एकाऐवजी दोघे बसले तर निम्मी होते. आणि एसटीने गेले तर? मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, खेड्यातून शाळेला जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. आपल्या गावाला तर रेल्वेचे स्टेशनही आहे. एसटी वेळेवर येत नाही, ही तक्रार खरी आहे. पण बसमध्ये माणसेच नसतील तर फेरी बंद करणे सोपे जाते. फेरी टिकवायची असेल तर बसायलाही हवे आणि आगारात अर्जही द्यायला हवा. आपल्या पोरांना अर्ज लिहिता येतो. शाळेने तेवढे तरी शिकवले आहे.

गरिबाला महागाई अधिक लागण्याचे एक कारण असे, की तो सर्व काही सुट्टे विकत घेतो. पावशेर तेल, दहा रुपयांची चहापत्ती, आठवड्याची डाळ. किलोचा भाव पाहिला तर श्रीमंतापेक्षा तोच अधिक देतो. आपल्या जुन्या लोकांत बेगमी हा शब्द होता. सुगीत ज्वारी, माघ-फाल्गुनात तूर घेऊन, उन्हे देऊन, कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची. आज एका घराला तेवढी रोकड एकदम काढणे जड जाते. दहा घरांच्या बचत गटाला ते जमते. बचत गटाचा पैसा आपल्याकडे बहुतेक वेळा अडचणीला कर्ज म्हणून वाटला जातो. सुगीत धान्याची एकत्र खरेदी करण्यासाठी तो वापरला, तर ती अडचणच थोडी दूर जाईल.

आता जे बोलायचे ते आपल्याच घरातले आहे. चौदा एप्रिलला गल्लोगल्ली वर्गणी होते आणि तिचा मोठा वाटा डीजेच्या भाड्यात आणि त्याच्या जनरेटरच्या डिझेलमध्ये जातो. वर्षभर सिलिंडरच्या भावावर बोलणारी माणसे त्या रात्री किती लिटर डिझेल जाळले गेले, हे विचारत नाहीत. लग्नांचेही तेच. ज्यांचा विवाह भायखळ्याच्या बाजारात, दुकाने बंद झाल्यावर रात्री उघड्या जागेत लागला, त्यांचे आपण अनुयायी. त्यांच्या आधी महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक विवाहाची साधी रीत घालून दिली होती. आणि आपण शेत गहाण ठेवून मंडपाला झुंबरे लावतो. पुढच्या दिवाळीला ते कर्ज फेडायला त्याच नवविवाहित जोडप्याचा कोयता निघतो. हे लिहिले म्हणून कोणी रागावले तर रागावो.

तथागतांनी गृहस्थाला दिलेला सल्ला या बाबतीत फार व्यवहारी आहे. अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाचा कोलिय गृहस्थ येतो आणि म्हणतो, आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन-माळा वापरणारी माणसे. आम्हाला आमच्या उपयोगाचे काही सांगा. तथागत त्याला ज्या चार गोष्टी सांगतात त्यांत समजीविता ही एक: तराजू धरणाऱ्यासारखी जमा आणि खर्च यांची पारख ठेवावी. लक्षात घेण्याजोगे हे की तेथे उधळ्याला जितका दोष दिला आहे, तितकाच दोष पैसा असून अन्नान्न करून मरणाऱ्यालाही दिला आहे. उपाशी राहणे हा तथागतांच्या दृष्टीने सद्गुण नाही; तो मार्ग त्यांनी स्वतः करून पाहिला आणि टाकून दिला. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून. उपभोगाचा भाग पहिला आहे.

मला सर्वांत आवडते ती विनयपिटकातील आनंदांची कथा. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी त्यांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली की हा भिक्खू कापडाचे दुकान काढणार की काय? त्याने विचारले, इतक्या वस्त्रांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणी. त्यांचे? पायपुसणी. त्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि ती फाटली की चिंध्या कुटून मातीत मिसळायच्या आणि त्या मातीने जमीन लिंपायची. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. या कथेत पहिले पाऊल वाटणे हे आहे, आणि वाटणीची सुरुवात ज्याचे वस्त्र सर्वांत फाटके त्याच्यापासून आहे. फडकी आणि लिंपण पुढे येतात.

ही स्मरणिका आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत जाणार आहे. त्यांतील काही आज शासकीय सेवेत आहेत, काही पुण्या-मुंबईत अभियंते आहेत, काही स्वतः शिक्षक आहेत. शाळेला भेट म्हणून कमान, पुतळा, रंगमंच यांचे प्रस्ताव नेहमी येतात आणि त्यांमागची भावना मी जाणतो. परंतु वसतिगृहाच्या छतावर सूर्यावर पाणी तापवणारे संच बसले, तर हिवाळ्यात मुलांच्या आंघोळीसाठी जाणारे इंधन पुष्कळ वाचेल. ऊन तर आपल्या पठारावर भरपूर आहे. भोजनगृहातील उष्ट्याखरकट्यावर आणि शेजारच्या गोठ्यातील शेणावर गोबरगॅस चालू शकेल. आपल्यातल्या एखाद्या अभियंत्याने एक सुट्टी खर्च करून याचा आराखडा काढून द्यावा. वाचलेला पैसा शाळेच्या सर्वसाधारण खात्यात जमा होऊ नये, अशी माझी सूचना आहे. त्याचा निराळा निधी करावा आणि तो एकाच कामासाठी राखावा: ज्या घरात उचल पुरली नाही, त्या घरातील मुलीला कोयत्यावर न नेता वसतिगृहात ठेवण्यासाठी. दिवाळीच्या सुट्टीला मुली घरी जाण्यापूर्वीच शिक्षकांनी त्यांच्या पालकांना भेटून हे सांगावे. सुट्टी संपल्यावर सांगण्यात अर्थ नसतो. तोवर ट्रॅक्टर निघालेला असतो.

त्या निधीचा हिशेब दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी भोजनगृहाच्या भिंतीवर लावावा. एका रकान्यात वर्षभरात लागलेले सिलिंडर आणि विजेचे युनिट असावेत, शेजारी मागील वर्षाचे आकडे असावेत. तिसरा रकाना मागच्या दिवाळीनंतर वर्गात परत आलेल्या मुलींच्या संख्येचा असावा, आणि चौथा परत न आलेल्यांचा.